विचारायचं कसं

दर शनिवारी दुपारी तीन वाजता आमचे सर विधवा व्हायचे.

भिंतीवरच्या खिळ्याला एक पंचा अडकवलेला असे. तो सर डोक्यावरून घेत, दोन्ही टोकं हनुवटीखाली मुठीत धरत आणि जमिनीवर भिंतीला टेकून, एक गुडघा उभा करून बसत. वय छपन्न-सत्तावन्न, नाकावर जाड काचांचा चष्मा, मिशा वाटेल तशा वाढलेल्या. पण एकदा बसले की आवाज बदलायचा, नजर खाली जायची आणि आमच्यासमोर कुठल्यातरी वाडीतली साठीची बाई बसलेली असायची. आम्ही सहा जणांनी एकेक करून तिच्यासमोर बसायचं आणि हातातल्या अर्जातले प्रश्न तिला विचारायचे. ही आमची परीक्षा.

पहिल्या शनिवारी डॉक्टर पाटणकरांचा नंबर आधी लागला. ते पुण्याचे, नुकतेच एम.बी.बी.एस. झालेले, इस्त्रीचा शर्ट घालणारे. अर्जात छापलं होतं तस्संच त्यांनी विचारलं, "आजी, रजोनिवृत्तीनंतर कधी रक्तस्राव झाला आहे का?"

पंच्याखालून सर म्हणाले, "निवृत्ती? माजा घोव काय सरकारी नोकर व्हता? तो निवृत्त नाय झाला, मेला."

आम्ही सगळे फुटलो. मी तर तोंडावर वही धरली. सरांनी शांतपणे पंचा काढून मांडीवर ठेवला आणि आमचं हसू संपेपर्यंत वाट पाहिली. त्यांना स्वतःला हसताना मी कधीच पाहिलं नाही.

"झालं? आता सांगा डॉक्टर, बाईनं उत्तर दिलं का?"

"नाही सर."

"अर्जात काय लिहाल?"

पाटणकर जरा गोंधळले. "रक्तस्राव नाही, असं लिहीन."

"लिहा. तिला सहा महिने अंगावर जातंय. तुम्ही लिहिलंत, नाही. आता ती पुढच्या शिमग्याला मरेल आणि तुमच्या कागदावर ठणठणीत राहील."

खालच्या बर्फाच्या कारखान्याची घरघर तेवढी ऐकू येत राहिली.

ही ऐंशी-पंच्याऐंशीच्या मधली गोष्ट. रत्नागिरीत मिरजोळ्याच्या रस्त्याला, मासळीसाठी बर्फ बनवणाऱ्या एका कारखान्याच्या वरच्या मजल्यावर आमचं केंद्र होतं. दोन खोल्या, कायम गार आणि ओलसर फरशी, चार टेबलं. जिल्ह्यात कर्करोग किती, कोणाला, कुठल्या वाडीत, हे मोजायचं आणि मोजणारी माणसं तयार करायची, असं आमचं काम. शिकणाऱ्यांत दोन डॉक्टर आणि आम्ही चार पदवीधर. मी संख्याशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेली, माहेर गुहागरचं, समुद्रकाठच्या सुपारीच्या बागेतलं. डॉक्टर आणि साधे पदवीधर एकाच वर्गात, एकाच सतरंजीवर बसवले म्हणून सरांविरुद्ध मुंबईला एक तक्रारही गेली होती. सरांनी ती आम्हाला वाचून दाखवली आणि परत पाकिटात घातली.

ज्या पदासाठी आम्ही तयार होत होतो त्याचं नाव नियुक्तिपत्रात 'साथरोगतज्ज्ञ' असं होतं. माझी आई सगळ्यांना सांगायची, आमची मुलगी पटकीच्या खात्यात लागली. मी सरांना म्हटलं, "सर, कर्करोगाची काही साथ नसते. मग हे नाव कसं?"

ते म्हणाले, "पटकीत एका रात्रीत वीस जण गेले की सरकारला ऐकू येतं. एकाच वाडीतल्या वीस बायका वीस वर्षांत गेल्या तर कोणाला ऐकू येणार? ते ऐकायचं, एवढंच तुझं काम."

सर स्वतः मुंबईच्या एका मोठ्या रुग्णालयात वीसेक वर्षं हाच विषय शिकवत होते, खडू-फळ्यावर. ते सोडून रत्नागिरीला का आले, याबद्दल गावात वाटेल ते बोललं जाई. बायकोशी पटत नाही, दारू पितात, तिकडे काहीतरी भानगड केली. खरं कारण त्यांनी मला एकदा एसटीत सांगितलं, तेही खिडकीबाहेर बघत.

"दरवर्षी मी फळ्यावर नकाशा काढायचो. तुमच्या जिल्ह्यावर हात ठेवून सांगायचो, इथे गर्भाशयाच्या तोंडाचा कर्करोग फारसा नाही. कारण नोंदी नव्हत्या. एकदा वॉर्डात तुमच्याकडची एक बाई होती. अगदी शेवटची अवस्था. विद्यार्थ्यांसमोर मी तिला म्हटलं, बाई, तुमच्याकडे हे दुर्मीळ आहे हं. ती म्हणाली, सायेब, आमच्या वाडीत बायका ह्यानंच जातात." त्यांनी खिडकीची काच सरकवली. "ती पोरं आता ठिकठिकाणी प्राध्यापक झालीत. माझाच नकाशा काढत असतील."

यापलीकडे ते स्वतःबद्दल कधी बोलले नाहीत.

त्यांच्या सवयी मात्र साऱ्या गावाला ठाऊक होत्या. भर उन्हाळ्यातही पायात कॅनव्हासचे बूट, अंगात पूर्ण बाह्यांचा शर्ट, गळ्याशी बटण लावलेलं. ज्या घरात जातील तिथलं पाणी प्यायचेच, मग ते विहिरीचं असो नाहीतर ओढ्या-पऱ्याचं. त्यापायी दोनदा जुलाबांनी आडवे झाले. "पाणी नाकारलंत की तुम्ही तपासनीस झालात," म्हणायचे. त्यांच्या ओळखीपाळखी सगळ्या मरणाच्या धंद्यातल्या. मसणवटीची लाकडं पुरवणारा, कबरस्तानाची देखभाल करणारे एक म्हातारे चाचा, दोन-तीन गावांचे कोतवाल. ह्या मंडळींना दिवाळीला पेढे जायचे आणि सर बाकड्यावर बसून त्यांना विचारायचे, यंदा कोण गेलं, जाताना किती वाळलं होतं, गिळायला होत होतं का.

"बरं आहे ना?" हा प्रश्न त्यांनी आम्हाला बंद केला होता. आपसातसुद्धा. त्यांचं म्हणणं, या प्रश्नात उत्तर आधीच घालून ठेवलेलं असतं, समोरच्यानं फक्त मान हलवायची. चहावाला बिचारा सवयीनं म्हणायचा, "काय सर, बरं ना?" की सर टेबलावरून उठून त्याला डाव्या गुडघ्याची सूज, पोट, कालची झोप असं सगळं क्रमानं सांगायचे. किटली हातात धरून तो अवघडून उभा. पुढे पुढे तो कप ठेवून काही न बोलता पळायचा.

छापील अर्ज त्यांनी पहिल्याच महिन्यात बाजूला ठेवला आणि आम्हाला नवा करायला लावला. प्रश्न आम्ही बनवायचे नाहीत, बायकांकडून आणायचे. मशेरी लावणाऱ्या बाईला तुम्ही तंबाखू खाता का विचारलं तर ती नाही म्हणते आणि ते खोटं नसतं. तिच्या लेखी मशेरी म्हणजे दात घासणं. घशाच्या आजाराला "अन्न अडकतं का" नाही विचारायचं, "भाकरी सोडून पेजेवर कधी आलात" हे विचारायचं. 'अंगावर जातं' हे दोन शब्द पाटणकरांना उच्चारता येईपर्यंत तीन शनिवार गेले. अशा शब्दांची एक वही आम्ही केली. पाठ्यपुस्तक म्हणून आमच्याकडे तेवढीच एक वही होती.

आणि शेवटची गोष्ट म्हणजे फेरतपासणी. आम्ही भरलेल्या अर्जांतले काही अर्ज ते न बघता बाजूला काढायला लावत, त्या घरी स्वतः जात आणि कोऱ्या कागदावर सगळं पुन्हा विचारत. मग दोन्ही कागद शेजारी ठेवायचे. कुठल्या अर्जाची पाळी येणार हे आम्हाला कळायचं नाही. तेव्हा असं कोणीच करत नसे. पाटणकर कुरकुरायचे, हा आमच्यावर अविश्वास आहे. सर म्हणायचे, "हो."

आता माझ्याबद्दल सांगायला हवं.

एप्रिलमध्ये आम्ही एका गावात मुक्कामाला होतो. गावाचं नाव सांगत नाही, तिथली माणसं अजून आहेत. शाळेला सुटी लागलेली, तिथेच आमच्या वळकट्या. रोज सकाळी एकेकानं एकेक वाडी धरायची. माझ्या वाट्याची वाडी सड्याच्या अंगाला होती. सडा म्हणजे नुसता काळा कातळ, ना झाड ना सावली, आणि दुपारी बारानंतर खालून-वरून असा दोन्हीकडून भाजणारा. शेवटचं घर त्या कातळापलीकडे होतं, अर्ध्या तासाच्या चालीवर. मी दिवसभर चाललेली, चपलेचा अंगठा तुटलेला. अलीकडच्या विहिरीवर एक बाई पाणी शेंदत होती. मी तिला विचारलं, त्या पलीकडच्या घरात कोण राहतं?

"पार्वती. आनि तिची सून. मुलगा मुंबैला."

"पार्वतीबाईंची तब्येत कशी आहे?"

"तिला काय धाड भरलीय? बरी हाय."

मी काजूच्या झाडाखाली बसले आणि पार्वतीबाईंचा अर्ज भरला. वय पन्नास-पंचावन्न. विधवा. मशेरी, होय, ती सगळ्याच लावत. बाकीच्या सगळ्या रकान्यांत 'नाही'. मला नीट आठवतं, शेवटचे 'नाही' लिहिताना मी अक्षर जरा बदललं होतं, सगळे एका दमात लिहिलेत असं दिसू नये म्हणून.

पावसाळा गेला, गणपती गेले. एका सकाळी मी केंद्रात आले तर सर माझ्या टेबलाशी उभे होते. बुटांना लाल चिखल. टेबलावर दोन कागद शेजारी शेजारी.

"वाच," ते म्हणाले. "मोठ्यानं. आधी तुझा."

मी वाचला. एकामागून एक सगळे 'नाही'.

"आता माझा."

त्यांच्या कागदावर, त्यांच्या बारीक अक्षरात लिहिलं होतं की पाळी जाऊन सहा वर्षं झाली. शिमग्याच्या आधीपासून अंगावर जातं. आधी थोडं, आता रोज. पाठीत कळ. घाण वास. सुनेलाही आता आतापर्यंत सांगितलेलं नव्हतं.

शिमग्याच्या आधीपासून. मी गेले होते एप्रिलमध्ये.

मला वाटलं ते ओरडतील. मी ओरडण्याची वाटच बघत होते. ते म्हणाले, "उद्या सहाच्या गाडीनं जायचंय. चांगल्या चपला घाल."

कातळावर आता हिरवं गवत आलं होतं, पिवळी रानफुलं होती. अर्धा तासच लागला चालायला. अर्धाच तास.

पार्वतीबाई पडवीत बसल्या होत्या. बारीक झालेल्या, तरी ताठ. सुनेनं, सुनंदानं, तांब्या-भांडं आणून ठेवलं. सर पाणी प्यायले आणि उठून अंगणापलीकडे जाऊन आमच्याकडे पाठ करून उभे राहिले.

मी म्हटलं, "पार्वतीबाई, मी एप्रिलमध्ये आले होते गावात. तुमच्याकडे यायला पाहिजे होतं. आले नाही. कागद मात्र भरला."

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. "ती पोरगी तू व्हय? मना खालच्या बायकांनी सांगितलं व्हतं, कोन पोरगी फिरतंय, बायकांचं इचारतंय. मी म्हटलं, आता ही बाईमानूस हाय, हिला सांगता येईल." त्यांना दम लागत होता. "दुपारी डोकीवरनं न्हाले. धुतलेलं लुगडं नेसून हितंच बसले व्हते. दिवस कलंडला तवा म्हटलं, उन्हाची दमली असंल. पुढच्या खेपेला येईल."

"मग दुसऱ्या कोणाला का नाही सांगितलंत?"

"ह्या सायबांनी इचारलं तवा सांगितलं. त्याआधी कोनाला सांगू, बाय?"

त्या रागावल्या नव्हत्या. त्यांनी माझ्या हाताला हात लावला आणि सुनेला सांगितलं, पोरीला घावण घाल.

परतताना कातळाच्या मध्यावर मी सरांना विचारलं, "एप्रिलमध्ये कळलं असतं तर त्या वाचल्या असत्या का?"

"माहीत नाही."

"तुम्हाला काय वाटतं?"

"मला वाटून उपयोग नाही. तुला हे कधीच कळणार नाही, आणि ते न कळताच तुला राहायचंय. आता रजा टाक आणि तिला मुंबईला ने."

मी नेलं. रात्रभराची एसटी, मांडीखाली घड्या घातलेली गोधडी, दर थांब्यावर त्यांना उतरवणं. मुलगा स्टँडवर आला होता, सुक्या मेव्याच्या दुकानात काम करणारा, घाबरट माणूस. आईला नक्की काय झालंय हे मी त्याला सांगायला लागले तर त्यानं मान फिरवली, आईचं असलं काही ऐकायची त्याला सवय नव्हती. रुग्णालयातल्या डॉक्टरांनी तपासलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, उशीर झाला आहे, किरण देऊ, थोडा आराम पडेल. कागद पुढे करत त्यांनी विचारलं, "याआधी कोणी तपासणी, चौकशी केली होती का?"

मी म्हटलं, "हो. मी."

डिसेंबरात केंद्राची पाहणी करायला मुंबईहून तिघांची समिती आली. सरांच्या शिक्षणपद्धतीला मान्यता द्यायची की नाही, हे ती ठरवणार होती. मान्यता मिळाली असती तर सगळ्या राज्यातले असे तज्ज्ञ आमच्या पद्धतीनं, घरोघर जाऊन, तयार झाले असते. सर दोन वर्षं त्यासाठी पत्रं लिहीत होते. त्या पत्रांत ते संगणकही मागत होते. लोक समजतात तसे ते जुन्याला धरून बसलेले नव्हते.

समितीला आमची शब्दांची वही आवडली. पंच्याचं प्रकरण ऐकून त्यांना गंमत वाटली. मग अध्यक्षांनी विचारलं, "एक जण दिवसाला किती अर्ज भरतो?"

"सात. कधी पाच."

"इतर ठिकाणी तीस होतात."

सरांनी खण उघडला आणि दोन कागद त्यांच्यापुढे ठेवले. माझा आणि त्यांचा. माझ्या कागदावरचं नाव त्यांनी पट्टी चिकटवून झाकलं होतं.

"हा कागद आमच्या केंद्रातला आहे," ते म्हणाले. "झाडाखाली बसून भरलेला. हा त्याच बाईचा खरा. ती बाई आता मरायला टेकली आहे. जबाबदार मी आहे, कारण शिकवलं मी."

मी त्यांच्यापासून तीन हातांवर बसले होते. पाटणकरांना ठाऊक होतं, सगळ्यांनाच ठाऊक होतं. कोणी माझ्याकडे बघितलं नाही. मी उभं राहायला पाहिजे होतं. राहिले नाही.

अध्यक्ष म्हणाले, "म्हणजे तुमच्या देखरेखीखालीसुद्धा माणसं खोटे अर्ज भरतात, असं तुम्हीच सांगताय."

"हो. आणि आमच्याकडे ते सापडतात. तुमच्या तीसमधले किती खोटे आहेत, सांगता येईल तुम्हाला?"

"डॉक्टर, आता संगणक येणार आहे. चुका तो काढेल."

"संगणक आणाच. मीही मागतोय. पण ह्या दोन कागदांपैकी खरा कुठला, हे तो कसा सांगणार? दोन्हींत सगळे रकाने भरलेले आहेत."

ते तिघे विश्रामगृहावर जेवायला गेले. सुरमई होती असं कळलं. जानेवारीअखेर पत्र आलं. केंद्र मार्चअखेरीस बंद. यापुढे प्रशिक्षण मुंबईत, आधुनिक सोयींनी युक्त अशा वर्गात, तीन आठवड्यांचं. शब्दांची वही मागवून घेतली होती. सरांनी ती नीट पुठ्ठ्यात बांधून पाठवली. पुढे मुंबईच्या त्या प्रशिक्षणाच्या छापील पुस्तिकेत मला आमचे बरेच प्रश्न जसेच्या तसे दिसले. 'अंगावर जातं' होतं, पेज होती. खाली समितीची नावं होती. फेरतपासणीचं मात्र त्यात अवाक्षर नव्हतं.

आम्ही सगळे पांगलो. पाटणकर लोट्याला एका रासायनिक कारखान्यात डॉक्टर म्हणून लागले. मी घरी बसले.

पार्वतीबाई चैत्रात गेल्या, सड्यापलीकडच्या त्या घरातच. मी पोचले तेव्हा दिवस घातले होते. सुनंदा माझ्याशी बोलली नाही. आणि मग एक विचित्र गोष्ट झाली. त्या वाडीतल्या बायकांनी दारं लावून घ्यायला सुरुवात केली. पार्वतीनं सांगितलं, तिला मुंबईला नेलं, आणि ती मेली. म्हणजे सांगितलं की माणूस मरतं. एक म्हातारी मला तोंडावर म्हणाली, "तू येतंस तिथं मरान येतं. जा गो, दुसऱ्या वाडीत जा."

मी सरांना जाऊन हे सांगितलं. केंद्राची किल्ली त्यांनी परत केली होती, पण राहत रत्नागिरीतच होते, एका खोलीत. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बरोबर आहे त्यांचं. त्यांनी जे पाहिलं त्यावरून हाच निष्कर्ष निघतो."

त्यानंतर ते दर गुरुवारी एकटेच त्या वाडीत जाऊ लागले. ना पद, ना अर्ज, ना पगार. वाडीच्या मधोमध एक दगडी पार आहे, त्यावर छत्री घेऊन बसायचे. कोणाच्या दारात जायचे नाहीत, कोणाला काही विचारायचे नाहीत. दुपारच्या गाडीनं परत. पहिल्या गुरुवारी पोरांनी खडे मारले. नंतर पोरंही कंटाळली. पुढच्या एका गुरुवारी कोणीतरी पारावर पाण्याचा तांब्या ठेवून गेलं. असे सहा-सात गुरुवार गेले.

मग एक दिवस ते गुहागरला आमच्या घरी आले. आईनं कोकम सरबत दिलं, ते त्यांनी उभ्याउभ्याच घेतलं. मला म्हणाले, "सुनंदानं निरोप दिलाय. म्हणते, तुम्हाला कसं सांगू, त्या पोरीला आना."

"मला? माझ्याशी तर ती बोलत नाही."

"तुलाच. मी विचारलं, कुठली पोरगी. ती म्हणाली, जी खोटं बोलली आनि येऊन कबूल झाली ती."

आम्ही गेलो. सर पाराशी थांबले. मी पुढे गेले. सुनंदानं मला माजघरात नेलं आणि दार लोटून घेतलं. बत्तीस-तेहतिशीची बाई, दोन मुलांची आई. बराच वेळ ती तांदूळच निवडत राहिली. मी काही विचारलं नाही. हे मी शिकले होते, पण तोवर कधी केलं नव्हतं.

अखेर ती सुपाकडे बघत म्हणाली, "धनी गनपतीला आले व्हते. मंग शिमग्याला. दोन्ही टायमाला, ते जवळ आल्यावर, मना अंगावर गेलं. पाळी नसताना." आणि मग, "सासूबाईंचं असंच सुरू झालं व्हतं काय?"

मी तिला खरं सांगितलं. असंच असेल, नसेलही. पण सासूबाईंना कळायला फार उशीर झाला होता, तुला झालेला नाही. आणि उशीर का झाला तेही पुन्हा एकदा, नीट, तिच्या तोंडाकडे बघून सांगितलं. ती रडली. मग तिनं विचारलं, कधी निघायचं.

बाहेर आले तेव्हा दोन तास होऊन गेले होते. सरांनी घड्याळात बघितलं नाही. "सगळं सांगू दिलंस?"

"हो."

"चल मग."

एसटीच्या थांब्यावर आम्ही दोघंच होतो. इतके महिने जे विचारायचं धाडस झालं नव्हतं ते मी विचारलं. "सर, समितीपुढे माझं नाव का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर त्यांनी तुला काढून टाकलं असतं."

"मग? तसंच व्हायला हवं होतं."

"आणि त्यांचं समाधान झालं असतं. एक वाईट मुलगी होती, ती गेली, आता सगळं ठीक." गाडीचा आवाज आला तसे ते उठले. "मला त्यांचं समाधान करायचं नव्हतं."

सुनंदाची शस्त्रक्रिया मुंबईत झाली. नवरा या वेळी पूर्ण ऐकून घ्यायला उभा राहिला. रोग अगदी सुरुवातीचा होता. त्याच सुमारास मला तिथल्याच एका रुग्णालयाच्या नोंदणी विभागात नोकरी लागली. वर्षभरानं सुनंदा तपासणीला आली, अंगानं भरलेली, डोक्यात अबोली माळलेली. डॉक्टरांनी सांगितलं, सगळं स्वच्छ आहे. मी त्याच संध्याकाळी सरांना पत्र लिहिलं. चांगलं चार पानी. पहिल्यांदाच त्यांना काही बरं कळवत होते, तेव्हा जरा फुलवूनच लिहिलं.

आठवड्यानं पोस्टकार्ड आलं. बारीक अक्षरात दोन ओळी.

"सुनंदाचं कळलं. छान. त्या वाडीत अजून अकरा घरं आहेत."

मी रजेचा अर्ज लिहायला घेतला.